न सांगितलेला खाडा

दुपारचे चार वाजले, मिरजेतल्या कोरे मेसच्या भिंतीवरचा पडदा उजळला आणि त्यावर उद्या संध्याकाळचा आकडा आला: त्रेसष्ट.

महानंदा कोरे तेव्हा मेथी निवडत होती. खरं म्हणजे मेथी निवडूनच येत होती, धुतलेली, तोललेली, पिशवीत भरलेली. पण दुसऱ्यानं निवडलेल्या भाजीवर विश्वास ठेवायचा तर मेस काढायची कशाला, असं तिचं रोखठोक म्हणणं. तिनं आकडा वाचला, चष्मा पदराला पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाली, “हे काय खूळ आणि? एक कुठं गेला?”

समोरच्या बाकावर समीना मुजावर चहा पीत बसली होती. ‘ताटमेळ’ची ती सांगली-मिरजेची निरीक्षक. वर्षातून एकदा प्रत्येक मेस, खानावळ, हॉटेल बघून जायचं हे तिचं काम. बहुतेक ठिकाणी तिला चहा मिळायचा. इथं चहाबरोबर दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागायचे, पण चहा फक्कड असायचा, म्हणून ती ही मेस मुद्दाम दिवसाच्या शेवटी ठेवायची.

“अदमासानं काढलाय आकडा, मावशी. असेल कुणाचा तरी खाडा,” समीना म्हणाली.

“असेल म्हणजे? खाडा असला तर मला कळणार नाही? ती बघ की फळी!”

ज्यांनी कधी मेसचं खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. मेसमध्ये ज्या दिवशी आपण जेवायला येणार नाही, तो आपला खाडा. तो आदल्या दिवशी सांगायचा, म्हणजे अन्न वाया जात नाही. कोरे मेसमध्ये सांगायची रीत निराळी होती. भिंतीवर एक लांब फळी, तिच्यावर चौसष्ट स्टीलचे पेले, प्रत्येकावर मालकाचं नाव ठोकलेलं. जेवून निघताना ज्याचा उद्या खाडा असेल त्यानं आपला पेला धुऊन पालथा घालायचा. बोलायचं नाही, विचारायचं नाही. एकोणीस वर्षं हे चाललं होतं आणि महानंदा रोज त्या फळीवर एक नजर टाकून पीठ काढायची.

आज फळीवर चौसष्टच्या चौसष्ट पेले उताणे होते. रात्री जेवून निघताना कुणी पालथा घातला तर घातला, पण अजून तरी उद्याचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

समीनानं ते बघितलं, पण तिला फारसं नवल वाटलं नाही. तिचा भरवसा अदमासावर होता आणि तो उगाच नव्हता. वीस-बावीस वर्षांपूर्वी शहरांतल्या नव्या इमारतींमधून स्वयंपाकघरं गायब व्हायला लागली. जागा महाग, माणसं एकटी, चूल पेटवायला वेळ कुणाला? बघता बघता निम्मं शहर संध्याकाळी बाहेर जेवायला लागलं. एवढ्या तोंडांना रोज कुठं काय आणि किती लागेल, हे सांगायला मग ताटमेळ आलं. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे मापताट. दिसायला साधं स्टीलचं ताट, पण तळात कागदाएवढ्या पातळ तोलपट्ट्या. काय किती संपलं, काय उरलं, दोन घासांमध्ये किती वेळ गेला, बोटं कुठं आणि किती जोरानं टेकली, सगळं ते टिपायचं. देशभरातल्या कोट्यवधी ताटांची ही टिपणं अदमास नावाची संगणक यंत्रणा एकमेकांशी ताडून बघायची आणि उद्या कुठं किती माणसं जेवतील ते सांगायची. शंभरातले नव्याण्णव दिवस तिचं बरोबर यायचं. अन्नाची नासाडी जवळपास संपली होती. धंदा दरसाल वाढत होता आणि त्यातही सगळ्यांत जोरात वाढत होत्या त्या कोरेबाईंसारख्या मेस. पुढच्या आठवड्यात हैदराबादच्या संमेलनात समीना नेमकं तेच मांडणार होती. भाषणाची तयारीही झाली होती.

“तुझ्या ताटाला विचार की कोण येणार नाही ते,” महानंदा म्हणाली.

“तसं विचारता येत नाही, मावशी. कुठलं ताट कुणाचं हे झाकलेलं असतं. कायदाच आहे. उद्या कुणी म्हणेल, माझ्या खाण्यावर नजर ठेवता.”

“मग आकडा कशावरनं दिला?”

“कशावरनं ते अदमास सांगत नाही. आकडा सांगतो.”

“झालं! म्हणजे एक माणूस येणार नाही हे ठाऊक, पण कोण आणि का, ते कुणालाच ठाऊक नाही. शहाणाच आहे तुझा अदमास.” महानंदानं मेथीची जुडी आपटली. “ए इराक्का, उद्याला पीठ चौसष्टाचंच. कुणी काही सांगू दे.”

आतून भाकऱ्या थापणाऱ्या इराक्कानं “व्हय व्हय” म्हणून सांगितलं. समीना हसली. एखादं ताट जास्त झालं तर कोरे मेसच्या नावापुढं नासाडीची एक तांबडी खूण पडली असती, दुसरं काही नाही. पण तिलाही आता गंमत वाटायला लागली होती. “उद्या मी येते संध्याकाळी. बघू कोण जिंकतं,” ती म्हणाली.

साडेपाच वाजले. मेस सहाला उघडायची, पण शटर साडेपाचलाच अर्धं वर जायचं ते एका माणसासाठी. भूपाल मगदूम, वय अडुसष्ट, जैन. सूर्य बुडाला की पाणीसुद्धा तोंडात घ्यायचे नाहीत, म्हणून संध्याकाळचं पहिलं ताट कायम त्यांचं. कुपवाडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. लोखंडाच्या दांड्यावरून बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचे. बायको गेल्यावर स्टेशनमागच्या बिनचुलीच्या घरात एकटे राहायला आले आणि तेव्हापासून रोज अर्ध्या शटरखालून वाकून आत यायचे. दिवाळीच्या आसपास एकदा अंदाज चुकला आणि शटरची कड खाड्कन डोक्याला लागली होती. महानंदानं बर्फ लावला होता आणि वर “शटरला नमस्कार राहिला होता वाटतं, अण्णा!” म्हणून थट्टाही केली होती. तेही हसले होते.

आता मात्र दोघांत बोलणं बंद होतं. तीन आठवडे झाले होते.

कारण सांगायला गेलं तर एवढंसं. एकोणीस वर्षं रोज शाळूच्या दोन भाकऱ्या खाणाऱ्या या माणसानं एके दिवशी एक भाकरी ताटात ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही ठेवल्या आणि चमच्यानं नुसता भात खाल्ला. महानंदानं विचारलं, “भाकरी चांगली नाही का झाली, अण्णा?” ते ताटाकडं बघत म्हणाले, “नको वाटतीय आता ही भाकरी.” बस्स. ज्या बाईच्या भाकरीसाठी जयसिंगपूरहून माणसं यायची तिला हे लागायचं तेवढं लागलं. ‘ही’ भाकरी म्हणजे काय? दुसरीकडची गोड लागते? त्या दिवसापासून तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढणं सोडलं, आग्रह सोडला आणि बोलणंही सोडलं. मगदूमअण्णा मुळातच कमी बोलणारे. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

त्या मंगळवारीही ते आले, हळूहळू जेवले, पेला डाव्या हातानं धुऊन फळीवर उताणा ठेवला आणि निघून गेले. महानंदा पाठ करून फोडणी घालत होती.

नंतर बाकीचे यायला लागले, तशी ती पळी हातात घेऊन दारातच उभी राहिली. “उद्या खाडा आहे काय रे?” कारखान्यातली पोरं, दवाखान्यातल्या नर्सबाई, बँकेतले दोघं, तंबोऱ्याचे भोपळे कोरणारे म्हातारे उस्ताद, एकेकाला विचारलं. एका नर्सचं लग्न ठरलं होतं. तिला तर तीनदा विचारलं. सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. उस्ताद म्हणाले, “कोरेबाई, तुमच्या हातचं सोडून जाऊ कुठं?” शेवटचा माणूस हात धुऊन गेला तेव्हा महानंदानं इराक्काला विजयी मुद्रेनं सांगितलं, “सगळे येणार आहेत. यंत्राला खूळ लागलंय.”

तिनं त्रेसष्ट जणांना विचारलं होतं.

बुधवारी समीना सव्वापाचलाच आली. साडेपाच झाले. शटर अर्धं वर गेलं. महानंदानं भात, आमटी, मेथीची भाजी काढून ठेवली. ताट खाडकन टेबलावर आपटून ठेवायचं, हा तिच्या अबोल्याचा ठरलेला भाग होता, तोही पार पडला. पण ताटासमोर कुणी आलं नाही.

पावणेसहा झाले. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं.

“कुणाचं ताट आहे हे?” समीनानं विचारलं.

“आहे एका राजेश्रींचं. आमची भाकरी आवडत नाही त्यांना.” महानंदा फणकाऱ्यानं म्हणाली. “आता जेवणही नको झालं असेल. नाही तर नाही! दुसरी मेस बघितली असेल. माझं काही अडत नाही. त्रेसष्ट आहेत अजून.”

त्रेसष्ट म्हणताना तीच थबकली. समीनाचंही लक्ष भिंतीवरच्या पडद्याकडं गेलं. उद्यासाठीही त्यावर त्रेसष्टच उमटलं होतं.

“म्हणजे यांचाच खाडा,” समीना सावकाश म्हणाली. “अदमासाचं बरोबर आलं की, मावशी.”

महानंदानं भाताचं ताट बाजूला सारलं. ती फळीजवळ गेली. ‘भू. बा. मगदूम’ असं नाव ठोकलेला पेला पहिल्याच जागी होता. उताणा. तिनं तो उचलला, आत बघितलं, जसं काही आत चिठ्ठी असावी, आणि तिचा चेहरा उतरला.

“रुसला असता, भांडला असता, मेस सोडली असती, तरी या माणसानं पेला पालथा घातला असता गं,” ती म्हणाली. “अष्टमीचा उपास असो, चतुर्दशी असो, एकोणीस वर्षांत एकदा चुकला नाही. बहीण वारली त्या दिवशीसुद्धा पुतण्याला पाठवून पेला पालथा घालायला लावला. हा माणूस यायला निघालाय. पोचलेला नाही.” तिनं पळी खाली टाकली. “तुझी गाडी कुठाय? चल. ऊठ की!”

स्टेशनमागची इमारत सातच मिनिटांवर होती. समीनाच्या स्कूटरवर मागं बसून महानंदा सारखं एकच बोलत होती, “मी विचारलं नाही. सगळ्या गावाला विचारलं, यांना तेवढं विचारलं नाही.” वाचमननं दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं. खोली नीटनेटकी होती. पलंगाच्या कडेला मगदूमअण्णा बसले होते, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. वरची दोन बटणं लागली होती आणि तिसऱ्याशी डावा हात झगडत होता. उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. किती वेळ ते तसे बसले होते कोण जाणे. त्यांनी मान वर केली तेव्हा तोंडाची एक बाजू हलली, दुसरी हलली नाही.

“कोरेबाई,” शब्द जड येत होते. “सूर्य... बुडाला काय? मग आता... वाढू नका.”

महानंदाला रडू फुटलं. तिनं पुढं होऊन त्यांचं बटण लावलं. “बुडाला नाही, अण्णा. अजून आहे. तुम्ही उठा बघू.”

मिरजेत दुसरं काही मिळो न मिळो, दवाखाना हाकेच्या अंतरावर मिळतो. मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि लगेच शस्त्रक्रियेला घेतलं. डोक्याला मार लागल्यावर आत थेंब थेंब रक्त साठत गेलं होतं, महिना-दोन महिने, आणि ते मेंदूच्या एका बाजूला दाबत होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. कवटीला छोटं भोक पाडून ते काढून टाकलं की माणूस हळूहळू पहिल्यासारखा होतो. “अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले. “कुणाच्या लक्षात आलं?”

महानंदा आणि समीनानं एकमेकींकडं बघितलं.

सहा दिवसांनी मगदूमअण्णा उशीला टेकून बसत होते आणि उजव्या हाताच्या बोटांनी चादर चिमटीत धरून बघत होते. महानंदा डबा घेऊन आली होती, अर्थात सूर्य असताना. समीनाही आली होती. ताट ज्याचं त्यानं परवानगी दिली तर त्याचं टिपण उघडता येतं. मगदूमअण्णांनी आदल्याच दिवशी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला होता.

“पहिल्यांदा भाकरी सुटली,” समीना हातातल्या संगणकाच्या पाटीवर वाचत म्हणाली. “भाकरी मोडायला बोटांत जोर लागतो. मग उजवी बोटं ताटाला टेकायची थांबली. मग चमचा, तोही डाव्या हातानं. दोन घासांमधलं अंतर दुप्पट झालं. मग डाव्या बाजूचं तेवढं संपायचं, उजव्या बाजूचं तसंच राहायचं. शेवटच्या आठवड्यात जेवण निम्म्यावर आलं.”

“एवढं सगळं ठाऊक होतं त्याला?” महानंदानं विचारलं.

“आजार ठाऊक नव्हता, मावशी. आजार म्हणजे काय तेच त्याला माहीत नाही. देशभरात अशी हजारो ताटं त्यानं आधी बघितली होती. पहिल्यांदा भाकरी, मग बोटं, मग चमचा... आणि अशी ताटं साधारण तीन आठवड्यांनी बंद होतात, एवढंच त्याला ठाऊक. का बंद होतात, हे त्याला कुणी विचारलंच नाही. पीठ किती पाठवायचं तेवढं विचारलं.”

महानंदा डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

“त्याचं जाऊ दे,” ती अखेर म्हणाली. “यंत्र ते. मला तर डोळे होते. भाकरी सुटली ती मीही बघितली. चमचा बघितला. डाव्या हातानं पेला धुतलेला बघितला. आणि मी काय समजले? तर माझ्या भाकरीला नाव ठेवलं.” तिनं डबा बाजूला ठेवला. “ताटाला दिसलं पण कळलं नाही. मला कळलं ते भलतंच. अण्णा, मी तुमच्याशी बोलायची थांबले हो. भाकरी मोडता येईना म्हणून तोंडानं सांगायचं तरी.”

“कसं सांगू?” मगदूमअण्णा म्हणाले. शब्द आता बरेच साफ येत होते. “तीस वर्षं हातावर जगलो. हात चालत नाही म्हणून कुणाला सांगू? पुतण्याला सांगितलं असतं तर उचलून गावी नेलं असतं. तुम्ही भाकरी वाढायचं बंद केलंत, तेव्हा मला वाटलं, बाईंनी ओळखलं. न बोलता सांभाळून घेतायत. बरं वाटलं होतं मला.”

महानंदानं पदर डोळ्यांना लावला. तीन आठवडे ती रागानं भात वाढत होती आणि हा माणूस ती माया समजून खात होता. हे तिला आयुष्यभर पुरणार होतं.

समीना म्हणाली, “अण्णा, एक विचारू? ताटानं तुम्हालाच सांगितलं असतं तर? पंधरा दिवस आधी. तुमचं काहीतरी बिनसलंय, डॉक्टरला दाखवा म्हणून. आवडलं असतं?”

त्यांनी बराच विचार केला. “मी ताट बदलून घेतलं असतं,” ते म्हणाले. “घरनं साधं ताट आणलं असतं. जेवताना कुणी माझा हात बघत बसलेलं मला खपलं नसतं. आणि मग मी मेलो असतो, ते निराळं.” ते थोडं हसले. “पण बाईंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. वाढणाऱ्या माणसाशी खोटं बोलवत नाही.”

दवाखान्यातून दोघी मेसवर आल्या. समीना त्याच बाकावर बसली. चहा आला, पण ती पिईना.

“आमच्या साहेबांना मी फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हटलं, आकड्याबरोबर नुसता एक शब्द पाठवू या. ‘विचारा.’ नाव नको, ताट नको, काही नको. ज्या दिवशी खाडा न सांगता एखादं ताट कमी होणार असेल, त्या दिवशी मेसवाल्याला एवढंच कळू दे, की विचारा.”

“मग? काय म्हणाले?”

“म्हणाले, लोकांना कळलं की आपलं मरण ताटाला आधी कळतं, तर लोक जेवतील का त्या ताटात? आणि अदमास चुकला, चांगल्या माणसाच्या जिवाला घोर लागला, तर जबाबदारी कुणाची? मावशी, ते वाईट माणूस नाहीत. मलाही उत्तर देता आलं नाही.” तिनं पाटी उलटी करून महानंदापुढं ठेवली. “हे बघा. परवाचं माझं भाषण. व्यवसायाची वाढ, नव्या मेस, नवी शहरं. आणि इथं खाली, बारीक अक्षरांत. नैसर्गिक गळती. म्हणजे खाडा न सांगता बंद झालेली ताटं. त्या एका बुधवारी देशभरात अकरा हजार चारशे. कुणी गाव सोडलं असेल, कुणाचं लग्न झालं असेल, कुणी खरंच रुसलं असेल. आम्ही तेवढी वजा करतो. वजा करूनही धंदा वाढतोच, म्हणून त्या ओळीकडं कुणी बघत नाही. मीच तीन वर्षं बघितलं नाही.”

महानंदानं ते बारीक अक्षर चष्मा वर-खाली करून वाचलं. “वजा करतासा,” ती म्हणाली. एवढंच.

चार वाजले. भिंतीवरचा पडदा उजळला. समीनानं सवयीनं वर बघितलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला.

बासष्ट.

फळीवर एकच पेला पालथा होता. मगदूमअण्णांचा. तो महानंदानं स्वतःच्या हातानं पालथा घातला होता, त्यांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी. चौसष्टातून एक वजा केला तर त्रेसष्ट. इराक्का पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि तीही पडद्याकडं बघत उभी राहिली. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

महानंदा या वेळी यंत्राला एक शब्द बोलली नाही. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि शटर पार वरपर्यंत ढकललं. आता ते अर्ध्यावर थांबत नसे. दारात एक खुर्ची ठेवली, समोर दुसरी ठेवली. साडेपाच वाजता पहिला आला तो कारखान्यातला तरणाताठा संदेश कांबळे, कानात गाणी घालून, शीळ वाजवत.

“काय मावशी, परत खाड्याची चौकशी?”

“खाडा नाही विचारत. बस इथं. ते कानातलं काढ आधी.” तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. “झोप लागती का नीट? जेवण जातंय का? घरी शेवटचा फोन कधी केलास?”

संदेश हसला. “मला काय झालंय, मावशी?” तो म्हणाला. पण हात त्यानं सोडवून घेतले नाहीत, आणि थोड्या वेळानं त्याचं हसू कमी कमी होत गेलं. मागून नर्सबाई येत होत्या, त्यांच्यामागं काठी टेकत उस्ताद. महानंदानं हातानंच सगळ्यांना रांगेत थांबायला सांगितलं. आज ती एकालाही सोडणार नव्हती.

समीना बाकावर बसून ते बघत होती. मांडीवर भाषण उघडं होतं. बासष्ट हा आकडा फक्त या भिंतीवर होता. असे आकडे या घडीला देशभरातल्या लाखो भिंतींवर उमटले होते आणि जिथं तिथं त्याप्रमाणं मुकाट्यानं पीठ कमी निघत होतं. तिनं ‘नैसर्गिक गळती’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं. ते पुसून तिथं काय लिहायचं, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. पण अशा हजारो मेसच्या दारांत आत्ता, सूर्य बुडायच्या आत, खुर्ची टाकून कुणी बसलं असेल का?